साडूंचे सहा दिवे

कचऱ्याचा ढीग पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच जन्माला आला असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोक उकिरड्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावतात. आमचे साडू हातातला रुमाल खिशात घालतात, खाली वाकतात, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतात आणि नाडी पाहून झालेल्या वैद्याच्या थाटात सांगतात, "दोन दिसांचा हाय. कोबी जास्त, कांदा कमी. लई गॅस दील." मी त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं चाललो, नाकाला रुमाल लावून. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं हसण्याजोगं पुष्कळ आहे. ते आधी सांगून घेतो, कारण पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

साडू दौंडला रेल्वेत फिटर होते. रिटायर झाले त्या दिवशी त्यांना नऊ हार मिळाले. लोक असले हार घरी नेऊन देवाच्या नाहीतर वडिलांच्या फोटोला घालतात. यांनी संध्याकाळी दोरे काढून सगळी फुलं परसातल्या टाकीत टाकली आणि सकाळी त्यावर चहा करून शेजाऱ्यांना बोलावलं. परसातली ही टाकी म्हणजे त्यांचं तिसरं अपत्य. एका डिझेलच्या पिंपाचं तोंड कापून त्यात दुसरं पिंप उपडं बसवलेलं. आतला पाला कुजला की गॅस होतो, गॅस झाला की वरचं पिंप वर येतं, आणि पिंप वर आलं की साडूंची छाती त्याच्याबरोबर फुगते. त्यासाठी लागणारं वेल्डिंग त्यांनी साठीला टेकलेले असताना पाबळच्या तंत्रशाळेत जाऊन, पोरासोरांच्या रांगेत उभं राहून शिकून घेतलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. ती बिचारी म्हणायची, "आमच्या घरात भाजी आदी टाकीला जाती. टाकीचं पोट भरलं तर मानसाला." यात अतिशयोक्ती कमी होती. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना साडूंनी मेथीची जुडी निवडायला घेतली आणि बोलण्याच्या नादात पानं टाकीसाठी बाजूला काढून देठं अक्कापुढे सरकवली.

जगातल्या सगळ्या वस्तू ते दिव्यात मोजत. इनामगावला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. मंगलाष्टका चालू होत्या, सगळे अक्षता टाकत होते आणि साडू मांडवामागच्या उष्ट्या पत्रावळ्यांच्या ढिगाकडे एकटक बघत होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, नवरी इकडं आहे." ते म्हणाले, "नवरी बघितली. चांगली हाय. पर हे बघा की, ह्या एवढ्यावर शंभराचा दिवा तीन रात्री जळंल. आन् लोक जनावरांम्होरं टाकनार." नवऱ्या मुलाच्या बापाला त्यांनी लगेच गाठलं आणि ढीग मागितला. आहेर न घेता उष्टं मागणारा पाहुणा त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असणार. त्यानं घाबरून ढिगाबरोबर लाडवांचा एक पुडाही दिला. लाडू साडूंनी परत केले, कारण तुपकट माल टाकीला सोसत नाही.

एसटीत तर त्यांच्याशेजारी बसायची सोयच नव्हती. नवी टाकी चालू करायची म्हणजे जुन्या टाकीतली थोडी मळी विरजणासारखी लावावी लागते. ही मळी घेऊन ते दौंडहून निघत, मांडीवर झाकणाची बादली, आणि चेहरा देवीचा कलश घेऊन चाललेल्या माणसाचा. एकदा न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, झाकण उडालं आणि अर्धी गाडी नाक दाबून उठून उभी राहिली. कंडक्टर खवळला. "काय हाय ह्ये बादलीत?" साडू शांतपणे म्हणाले, "वीज हाय." कंडक्टरनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि उतरेपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आता माझं सांगतो. मी तेव्हा शिरूरहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या एका मोठ्या गावात ग्रामपंचायतीत कारकून होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण जे घडलं त्यात गावाचा काही दोष नव्हता. भारनियमनाची ती वर्षं होती. वीज जायच्या वेळेवर गावाची घड्याळं लावावीत इतकी ती नेमानं जायची, यायच्या वेळेला मात्र तो नेम नसायचा. दुसरीकडे आमचा शुक्रवारचा बाजार जबरदस्त मोठा, आणि शनिवारी सकाळी बाजारतळावर पाल्याचा, सडक्या टोमॅटोचा डोंगर. या दोन गोष्टी साडूंच्या डोक्यात एकत्र आल्या आणि मग त्यांनी मला झोपू दिलं नाही. दर रविवारी यायचे आणि म्हणायचे, "साडूभाऊ, तुमच्या गावात वीज सडतीय." शेवटी मीच सरपंचांना गळ घातली. सरपंच मोठे बागायतदार, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबांना योजना आवडली. पत्र्याची शेड, मोठी टाकी आणि सहा दिवे, एवढ्याला ग्रामपंचायतीनं मंजुरी दिली. मजुरी साडूंनी घेतली नाही. चार महिने ते दौंडहून रोज जाऊन-येऊन करत होते.

जनरेटर त्यांनी एका बँडवाल्याकडून जुना आणला. तो आधी वरातीत दिव्यांच्या गाडीवर चालायचा आणि त्याच्या अंगावर अजून गुलाबी रंगात फुलं काढलेली होती. साडूंनी त्याला गॅसवर चालायला शिकवलं आणि पेट्रोलची टाकी उचकटून भंगारात टाकली. मी म्हटलं, "असू द्या की, अडीअडचणीला." तर म्हणाले, "न्हाई. टाकी ठिवली की उद्या कुनीबी म्हनंल, ह्यो लबाड पेट्रोलवर चालवतोय. लबाडीला जागाच न्हाई ठिवायची." ते हे बोलले तेव्हा मी मान डोलावली होती.

गॅस यायला लागला होता. पिंप रोज चार बोटं वर येत होतं. तेवढ्यात आबांनी जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांना उद्घाटनाचं आमंत्रण दिलं आणि तारीख ठरली. मग आबांना आणि मला वाटायला लागलं की एवढ्या मोठ्या साहेबांसमोर दिवे कसे लखलखले पाहिजेत. जास्त माल घातला की जास्त वीज, असा साधा हिशेब. साडू दोन दिवस नातवाच्या बारशाला गेले होते, तेवढ्यात मी बाजाराच्या दोन ट्रॉल्या भरून टोमॅटो, लिंबं, जे असेल ते टाकीत ओतायला लावलं. आमच्याकडे जावयाला जसा आग्रह करतात तसाच आम्ही त्या टाकीला केला. माणूस नको नको म्हणतो तरी वाढायचं. टाकीला तर बोलताही येत नव्हतं.

साडू परत आले, झाकण उघडलं आणि वास घेऊनच खाली बसले. ते टाकीला पोटच म्हणत. "पोट आंबलं. एवढं कुनी घातलं?" मी आबांचं नाव सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. साडू रागावले नाहीत, रागावणं त्यांना जमतच नसे. चुन्याचं पाणी करून घालत म्हणाले, "आता त्याला लंघन पायजे. धा-बारा दिस. मंग बगा कसं धावंल." उद्घाटन तिसऱ्या दिवशी होतं. मी आबांकडे गेलो. ते म्हणाले, "पत्रिका वाटल्या, सायेबांच्या डायरीत तारीख पडली. आता तुमचं तुमी बघा, क्लार्क." मी ते बघितलं. शेडच्या मागे पाणीपुरवठ्याची खोली होती. आदल्या दिवशी सगळे मांडव घालण्यात गुंतले असताना मी त्या खोलीतून एक वायर ओढली, गटाराच्या पाइपातून आत घेतली आणि सहाही दिवे बोर्डाच्या विजेवर जोडून टाकले. साडूंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती वायर तोडली असती.

माझा हिशेब पक्का होता. त्या दिवशी वीज अकराला जाणार होती. साहेब साडेनऊला यायचे होते. दहाला दिवे लागले, साडेदहाला चहा, अकराच्या आत गाडी शिरूरला पोचलेली. एवढी वर्षं सरकारी कार्यक्रमांच्या पत्रिका लिहूनही साहेब वेळेवर येतील असं मी कसं धरलं, हे मला आजही कळत नाही. साहेब आले साडेदहाला. मग शाल, मग श्रीफळ, मग ज्यांची नावं राहिली होती त्यांचे नारळ. साडूंनी नाइलाजानं जनरेटर चालू केला. टाकीत होता नव्हता तेवढ्या गॅसवर तो धापा टाकत चालला, साहेबांनी बटण दाबलं आणि सहा दिवे झगझगीत लागले. टाळ्या वाजल्या. साडूंनी आधी दिव्यांकडे बघितलं, मग खाली बसलेल्या पिंपाकडे, मग पुन्हा दिव्यांकडे. अडीचएक मिनिटांत गॅस संपला आणि जनरेटर बंद पडला. दिवे चालूच राहिले. साहेब भाषणाला उभे होते. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि कौतुकानं म्हणाले, "आणि पाहा, आवाजसुद्धा नाही." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात हारांचं तबक होतं.

साहेब म्हणाले, "या बाजारतळाला आता भारनियमन ठाऊकच राहणार नाही." तेवढ्यात माइक गेला. आणि माइकबरोबर सहाही दिवे गेले.

गावाला समजायला फार वेळ लागला नाही. निम्म्या लोकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अकरा झालं की." मग मांडवात एक हसू सुरू झालं, ते पुढच्या रांगेपर्यंत आलं. वायरमननं पाइपात हात घालून वायर ओढून बाहेर काढली. आबांचा चेहरा काळा पडला. साहेब थंडपणे म्हणाले, "ही कुणी जोडली?"

मी बोलायला हवं होतं. एवढंच करायचं होतं, "मी" हा एक शब्द उच्चारायचा होता. माझ्या डोळ्यांपुढे नोकरी आली, घरातली दोन शाळेतली मुलं आली आणि मी तबकातले हार सारखे करायला लागलो. साडूंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग ते पुढे झाले, हात पुसले आणि म्हणाले, "म्या जोडली, सायेब. पाव्हन्यांम्होरं फजिती नगं म्हनून." ज्या माणसानं लबाडीला जागा नको म्हणून पेट्रोलची टाकी फेकून दिली होती, तो अडीचशे माणसांसमोर आकडेबहाद्दर ठरला. आमच्याकडे तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्याला काय किंमत असते ते वेगळं सांगायला नको. साहेब चहा न घेता गेले. आबांनी शेडला कुलूप लावलं आणि साडूंना पुन्हा गावात दिसू नका म्हणून बजावलं. मी तबक हातात धरून उभाच होतो.

त्या दिवशी मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. ते मात्र वाटेत टाकीबद्दल बोलत राहिले. "तेवढी शेडची चावी द्या मला धा दिस. सामान काडून न्यायचंय म्हना." चावी माझ्याकडेच होती. मी दिली. मला वाटलं, तेवढ्यानं माझं काहीतरी फिटेल.

ते रोज आडवाटेनं यायचे. बाजाराचा दिवस टाळून, लोक शेतावर गेले की शेडमध्ये शिरायचे. टाकीला चुना, शेण, दोन-दोन बादल्या पाला, हळूहळू, बाळंतिणीला वाढावं तसं. दहाव्या दिवशी सकाळी ते कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मला खुणेनं बोलावलं. वीज अकराला गेली होती आणि अख्खं गाव पंख्याशिवाय बसलं होतं. मी शेडपाशी गेलो. आत गुलाबी फुलांचा जनरेटर एका लयीत चालत होता आणि सहाही दिवे लागलेले होते. मी सवयीनं वायर कुठून आली ते शोधलं. वायर नव्हती. पिंप काठोकाठ वर आलेलं होतं. साडूंच्या दाढीचे खुंट वाढले होते, डोळे खोल गेले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "आबांना आना. बोर्डाची वीज गेलीय तवाच आना, म्हंजी कुनाला शंकाच न्हाई. गावानं बगावं एवढंच. म्हाजं बाकी काय म्हननं न्हाई."

मी म्हणालो, "आणतो." आणि निघालो.

कचेरी शंभर पावलांवर होती. आबा आत बसलेले होते. त्या शंभर पावलांत मी विचार केला की आबा येतील, बघतील, आणि पहिला प्रश्न विचारतील. प्लँट चालतो तर मग त्या दिवशी वायर कशाला लागली? टाकी कशानं बिघडली? ट्रॉल्या कुणी ओतल्या? साडू पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलतील की नाही याची मला खात्री नव्हती, आणि बोलले असते तर ते मला बघवलं नसतं. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. जन्म-मृत्यूची नोंदवही उघडली. आबांनी विचारलं, "काय, कुठं गेल्तात?" मी म्हटलं, "पाणी प्यायला."

माझ्या खिडकीतून शेडचं उघडं दार दिसत होतं. आतल्या अंधारात सहा दिवे. अर्ध्या तासानं पाच झाले. मग चार. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. गॅस संपत चाललाय, आता बोलावून उपयोग नाही, आपोआपच सुटलो, असं मी मनाशी म्हणत होतो. तीन झाले, दोन झाले, एक झाला. तो एक मात्र बराच वेळ जळला. आबा जेवायला घरी गेले तेव्हाही तो चालू होता. वीज यायच्या थोडं आधी तो गेला. साडू चावी शिपायाकडे ठेवून निघून गेले. पुढच्या महिन्यात टाकी आणि शेडचा पत्रा भंगारवाल्याला गेला, आणि त्याचा ठराव मीच माझ्या अक्षरात लिहिला.

त्यानंतर आमचं येणंजाणं कमी झालं असं नाही. उलट साडू आधीसारखेच येत, माझ्या घरच्या केराच्या टोपलीचं कौतुक करत, मुलांना खाऊ आणत. गावात काही जण त्यांना आकडेवाले साडू म्हणत, ते त्यालाही ओ देत. मी रिटायर झालो. गेल्या दिवाळीत दौंडला गेलो तेव्हा मात्र राहवलं नाही. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, ती वायर मी जोडली होती. ट्रॉल्याही मीच ओतायला लावल्या." ते हसले. "म्हाईत हाय की. वायरला तसली गाठ तुमच्याबिगर कोन मारनार? जाऊ द्या. नोकरी व्हती तुमची."

मला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणात मी पुढचंही बोलून गेलो. म्हटलं, "आणि त्या दहाव्या दिवशी आबांना आणायला जमलं नाही. तोपर्यंत तुमचा गॅसही संपत आला होता. मी खिडकीतून बघत होतो, एकेक दिवा विझत होता."

साडूंनी ओट्यावरच्या पणतीची वात बोटानं पुढे सारली.

"गॅस संपून विझत न्हवते ते," ते म्हणाले. "तुमाला उशीर व्हतोय म्हनून म्याच एकेक बंद करत व्हतो. म्हनलं, तुमी येताय तवर येक तरी जळता ऱ्हायला पायजे."